औषधांचं विचारा: ताई, गोळी पोटात टिकतच नाही

मागच्या अंकात डोकेदुखीच्या पेनकिलरवर लिहिलं होतं, महिन्यात किती दिवस घ्यायच्या, कधी थांबायचं वगैरे. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी दुखण्याबद्दल नाहीतच, उलटीबद्दल आहेत. डोकं फुटलं तरी सोसेन पण ती मळमळ नको, असं एकीने लिहिलंय आणि मला ते अगदी आतून पटलं. मी डॉक्टर नाही, नाशिकला सिडकोत २२ वर्षं मेडिकल चालवणारी फार्मासिस्ट आहे, आणि मायग्रेन मलाही कॉलेजात असल्यापासून आहे, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. खाली ज्या औषधांची नावं येतील ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची आहेत. हे वाचून दुकानात जाऊन पाकीट मागू नका, डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितेय. प्रत्येक पत्राच्या खाली माझं उत्तर आहे.

पत्र: मी इंदिरानगरला राहते, शाळेत शिक्षिका आहे, वय ३६. महिन्यातून दोन-तीनदा मायग्रेन उठतं, उजवा डोळा आणि कानशील ठणकतं. डॉक्टरांनी नॅप्रोक्सेन ही पेनकिलर दिलीय पण घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळं बाहेर. परवा तर गोळी तशीच्या तशी पडली. अशा वेळी लगेच दुसरी घ्यायची का? मिस्टर म्हणतात सरळ इंजेक्शन घेऊन यायचं. दर वेळी इंजेक्शन बरं का?

तुमचं काही चुकत नाहीये आणि गोळीही खराब नाहीये. मायग्रेन उठलं की जठर सुस्तावतं, आतलं पुढे आतड्यात सरकायला हवं ते सरकतच नाही, आणि गोळी रक्तात जाते ती मुख्यतः आतड्यातून. म्हणजे गोळी पोटात नुसती पडून असते आणि आपण इकडे घड्याळाकडे बघत बसतो की अजून उतार कसा नाही. हे मी शिकताना वाचलं होतं पण पटलं ते एका दुपारी, दुकानाच्या मागच्या बाजूला खोक्यांमध्ये बसून बादलीत उलटी झाली आणि दोन तासांपूर्वी घेतलेली गोळी त्यात दिसली, कडा जरा झिजलेल्या, मधली तोडायची रेघ शाबूत. त्या दिवसापासून मी आधी पेनकिलर घेणं सोडलं.

आणखी एक, मळमळ दुखण्यामुळे होते असं आपण धरून चालतो पण ती मायग्रेनचाच भाग आहे. मेंदूच्या अगदी खालच्या भागात उलटी घडवून आणणारी जागा आहे ती मायग्रेनमध्ये चाळवली जाते, कित्येकांना तर डोकं दुखायच्या आधीच जांभयांवर जांभया, मान आखडलेली, फोडणीचा वास नकोसा, असं सुरू होतं. हीच वेळ हातातून जाऊ द्यायची नाही. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची असा आपला समज असतो, मायग्रेनमध्ये ती आधी घ्यायची, आणि तिच्यानंतर १५-२० मिनिटांनी पेनकिलर, किंवा फार घाई असेल तर दोन्ही बरोबर. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर असं आहे की मळमळ नसली तरी मायग्रेनच्या औषधाबरोबर उलटीचं औषध देण्याचा विचार करा. ही गोळी फक्त उलटी थांबवायला नसते, डोमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड ही दोन्ही जठर पुढे ढकलायला लावतात, म्हणजे पेनकिलरला रस्ता मोकळा करून देतात. आपल्याकडे नॅप्रोक्सेन आणि डोमपेरिडोन एकाच गोळीत मिळतं ते याच विचाराने, तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

आता लोक दुकानात येऊन नुसतं उलटीची गोळी द्या म्हणतात, पण ती एक नसते. डोमपेरिडोन, म्हणजे डोमस्टाल वगैरे, मेंदूत फारसं जात नाही म्हणून झोप किंवा थरथर सहसा आणत नाही, पण हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांना नको, आणि एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्स आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, यांच्याबरोबर नको. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म, मेंदूत जातं, त्यामुळे डोक्यालाही थोडा उतार देतं पण त्याची वेगळी भानगड आहे, ती खाली एका आईच्या पत्रात आलीय. प्रोक्लोरपेराझिन म्हणजे स्टेमेटिल, चक्करही असेल तर डॉक्टर हे देतात, झोप आणतं. आणि ऑनडान्सेट्रॉन, एमसेट, हे मुळात कॅन्सरच्या केमोच्या उलट्यांसाठी आलेलं, हल्ली जो तो हेच मागतो. उलटी थांबते, खरंय, पण ते जठराला पुढे ढकलत नाही, बद्धकोष्ठ करतं आणि डोकेदुखी हा त्याचाच एक नेहमीचा साइड इफेक्ट आहे, म्हणून मायग्रेनवाल्याने दर वेळी त्याच्यावरच भिस्त ठेवू नये असं माझं मत आहे.

दुसरी गोळी घ्यायची का, तर पडलेली गोळी अख्खी डोळ्यांनी दिसली असेल तर ती अंगात गेलेली नाही हे उघड आहे. पण दिसली नाही आणि अर्धा तास उलटून गेलाय तर काही भाग गेलेला असू शकतो, तेव्हा अंदाजाने दुसरी नॅप्रोक्सेन घेऊ नका, सारखं उलटून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्यांचा किडनीवर ताण येतो. डॉक्टरांकडून हे आधीच कागदावर लिहून घ्या, त्रास चालू असताना फोनवर धड बोलता पण येत नाही.

इंजेक्शन वाईट नाही. उलट्या थांबतच नसतील तर पोटाला वगळून औषध द्यावंच लागतं, आणि मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन शिरेतून दिलं तर मायग्रेन स्वतःच उतरतं, अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१६ मध्ये इमर्जन्सीसाठी या दोन्हींची शिफारस केलेली आहे. फक्त दर वेळी कुठलं इंजेक्शन दिलं त्याचं नाव लिहून घेत जा. घरच्या घरी पोटाला वगळायचं तर सुमाट्रिप्टान या खास मायग्रेनच्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो, पण हृदयविकार, पॅरालिसिस होऊन गेलेला किंवा बीपी आटोक्यात नसलेल्या माणसाला त्या जातीचं कुठलंच औषध, म्हणजे ट्रिप्टान, नको. डायक्लोफिनॅकची गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी पण असते, बायका संकोचाने विचारत नाहीत पण उलट्यांमध्ये ती खरंच उपयोगी पडते. आणि जिभेवर विरघळणाऱ्या गोळीबद्दल एक गैरसमज काढून टाका, रिझाट्रिप्टान किंवा ऑनडान्सेट्रॉनची ती गोळी जिभेवर विरघळते खरी पण रक्तात जाते ती थुंकीबरोबर गिळून पोटातूनच. फायदा एवढाच की पाण्याचा ग्लास लागत नाही, आणि मळमळीत पाण्याचा घोट पण जड जातो तेव्हा तेवढाही फायदा थोडा नसतो.

महिन्यातून तीनदा अशी वेळ येत असेल तर मायग्रेन उठूच नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाबद्दल पण बोला, प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन असे पर्याय असतात.

पत्र: मी दिंडोरीचा, द्राक्षबाग आहे, वय ४४. मला पित्ताचा भयंकर त्रास. महिन्यातून दोनदा पित्त डोक्यात चढतं, अर्धं डोकं ठणकतं, उन्हात उभं राहवत नाही, औषध फवारणीच्या वासाने तर लगेच. उलटी होऊन पिवळं पडलं की मोकळं वाटतं. रोज सकाळी पित्ताची कॅप्सूल घेतो, ३ वर्षं झाली, तरी पित्त जात नाही. अजून भारी कुठली आहे का?

दादा, भारी कॅप्सूल नको, आधी हे पित्त आहे का ते बघू. अर्धं डोकं, ऊन सहन न होणं, वास सहन न होणं आणि उलटी, हे तुम्ही लिहिलेलं सगळं मायग्रेनचं वर्णन आहे. आपल्याकडे घराघरात याला पित्त म्हणतात, माझी आई जन्मभर पित्त म्हणत आली आणि आता मागे वळून बघताना मला स्पष्ट कळतं की ते मायग्रेन होतं, तिला कुणी सांगितलंच नाही. पिवळं कडू पाणी पडतं म्हणून पित्त हे नाव बसलंय, पण पोट रिकामं असताना कुणालाही सारख्या उलट्या झाल्या की शेवटी तेच पडतं. उलटीनंतर मोकळं वाटणं हेही खरं आहे, पुष्कळांचं मायग्रेन उलटीनंतर उतरायला लागतं, म्हणून तर काही जण मिठाचं पाणी पिऊन मुद्दाम उलटी काढतात. ते मात्र करू नका, मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेतू शकतं.

आता ती कॅप्सूल. तुम्ही पाकिटाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, तिच्यात पॅन्टोप्राझोल ४० आणि डोमपेरिडोन ३० मिलिग्रॅम आहे. डोमपेरिडोनवर युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये मर्यादा घातली, दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि सहसा एक आठवड्याच्या वर नको, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, साठीच्या पुढे तर जास्तच. तुम्ही ते ३ वर्षं घेताय. मला काउंटरवर रोज दिसतं हे, लोक सकाळी चहाच्या आधी ही कॅप्सूल घेतल्याशिवाय दिवस सुरू करत नाहीत आणि चिठ्ठी बघाल तर पाच वर्षांपूर्वीची असते, ५ दिवसांसाठी लिहिलेली. डोमपेरिडोनने शरीरातलं प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, बायकांची पाळी पुढे-मागे होते, बाळ नसताना दूध येतं, पुरुषांची छाती दुखरी होऊन फुगते, आणि लाजेपोटी कुणी सांगत नाही. पॅन्टोप्राझोल पण वर्षानुवर्षं घेतलं तर बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं.

पण उद्यापासून एकदम बंद करू नका, अचानक सोडलं की काही दिवस खरोखरची जळजळ उसळते आणि माणसाला वाटतं बघा, मला लागतंच ते. डॉक्टरांकडे जा, नुसतं पित्त म्हणू नका, वरच्या चार गोष्टी जशा मला लिहिल्यात तशाच त्यांना सांगा, कॅप्सूल कशी कमी करायची ते विचारा, एकदा ईसीजी काढा. आणि फवारणीच्या दिवशी मास्क लावाच आणि उपाशीपोटी बागेत जाऊ नका, उपास आणि वास दोन्ही एकदम झाले की मायग्रेनला निमित्तच मिळतं. एक मात्र, उग्र वासाने मळमळणं वेगळं आणि फवारणीनंतर घाम सुटणं, लाळ गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, श्वास लागणं वेगळं. ती विषबाधा असू शकते, तेव्हा गोळी शोधत बसायचं नाही, सरळ सिव्हिल गाठायचं.

पत्र: माझी मुलगी १९ वर्षांची. मायग्रेनच्या उलट्या होत होत्या म्हणून एका दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन दिलं, घरी गोळ्याही दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची मान एका बाजूला वाकडी झाली, डोळे वर फिरले, तोंड वाकडं, बोलता येईना पण शुद्धीवर होती. शेजारच्या म्हणाल्या बाहेरचं आहे. आम्ही दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं, तिथे एका इंजेक्शनने अर्ध्या तासात उतरलं. आता परत मायग्रेन उठलं तर उलटीचं औषध द्यायचं का? फार भीती बसलीय.

ताई, वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याला ते किती भयानक दिसतं ते मी बघितलंय. हे बाहेरचं वगैरे काही नाही आणि फिटसुद्धा नाही, तुम्ही लिहिलंय ती शुद्धीवर होती, तीच खूण. याला डिस्टोनिया म्हणतात. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवर मेटोक्लोप्रमाइड आहे, ते मेंदूतलं डोपामिन हे रसायन अडवतं आणि तरुण वयात, त्यातही मुलींमध्ये, क्वचित असे स्नायू ओढले जातात, बहुतेक वेळा सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतच. त्यावर प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिलं की उतरतं आणि मागे काही राहत नाही. म्हणूनच युरोपात २०१३ पासून मेटोक्लोप्रमाइड ५ दिवसांच्या वर आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही असं ठरलंय.

तिला परत मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही, कधीच, आणि प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, तेही त्याच जातीतलं म्हणून टाळायचं. डोमपेरिडोन किंवा ऑनडान्सेट्रॉन यांच्यापैकी काय चालेल ते डॉक्टर ठरवतील, उलटीचं औषधच बंद असं होत नाही, पोरीला दर वेळी कोरड्या उलट्या काढत बसवायचं कारण नाही. एक काम आजच करा, तिच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये मागे एक चिठ्ठी घाला, मेटोक्लोप्रमाइडने डिस्टोनिया झाला होता, एवढंच. ती हॉस्टेलला असेल, प्रवासात असेल, उलट्या होत असताना इंजेक्शन देणाऱ्याला हे कळलं पाहिजे आणि त्या अवस्थेत तिला सांगता येणार नाही. ब्रँडचं नाव लिहू नका, औषधाचं लिहा, कारण ब्रँड दुकानागणिक बदलतात.

पत्र: अंबडला कंपनीत शिफ्टला आहे. मायग्रेनची एक जुनी गोळी आहे, एकातच सगळं असतं, उलटीचं पण. आधी महिन्यात दोन लागायच्या, आता आठवड्यात चार. घेतली नाही तर सकाळी उठतानाच डोकं आणि मळमळ. काय करू?

ही गोळी मी ओळखते, अर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि प्रोक्लोरपेराझिन, चारही एकत्र. तुमची मळमळ आता बहुतेक गोळीचीच आहे. अर्गोटामाइन स्वतःच मळमळ आणतं, आणि महिन्यात १० किंवा जास्त दिवस अशी गोळी ३ महिन्यांच्या वर घेतली की औषधाच्या अतिवापराचीच डोकेदुखी बसते, तुमचे हिशेबाने १६-१७ दिवस होतात. अर्गोटामाइन रक्तवाहिन्या आकसवतं, हातापायाची बोटं गार पडणं, मुंग्या येणं असं होत असेल तर थांबून लगेच दाखवा. घशाला वगैरे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं तर ही गोळी अजिबात नाही, आणि ट्रिप्टानबरोबर त्याच २४ तासांत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, सोडताना पहिले काही दिवस डोकं आणि उलट्या वाढतात, त्यासाठी ते मधल्या काळाचं औषध देतात. सुट्टीचं प्रमाणपत्रही मागून घ्या, नाइट शिफ्टमध्ये उभं राहून हे दिवस काढू नका.

पत्र: पाचवा महिना आहे, मायग्रेन आणि उलट्या दोन्ही. काय चालतं?

दुखण्याला साधारणपणे पॅरासिटामॉल, उलटीला डॉक्सिलामाइन-बी६ किंवा डॉक्टरांनी ठरवलं तर मेटोक्लोप्रमाइड थोडे दिवस. अर्गोटामाइन अजिबात नाही, नॅप्रोक्सेन-आयब्युप्रोफेन स्वतःहून नाही. पण पाचव्या महिन्यानंतर डोकं दुखतंय, उलट्या, डोळ्यांपुढे काजवे किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखतंय असं एकत्र झालं तर मायग्रेन समजून झोपू नका, त्याच दिवशी बीपी मोजा, रात्र असली तरी.

पत्र: आईचं वय ६८. आयुष्यात कधी डोकं दुखलं नाही, दोन दिवसांपासून डोकं, उजवा डोळा लाल आणि उलट्या. मायग्रेनची कुठली गोळी देऊ?

कुठलीच नाही. या वयात पहिल्यांदा आलेलं डोकं, त्यात डोळा लाल, दिव्याभोवती वलयं दिसतायत का विचारा, हा काचबिंदूचा झटका असू शकतो आणि त्यात नजर तासांच्या हिशेबाने जाते. या पत्राला मी अंकाची वाट न बघता त्याच दिवशी उत्तर कळवलं, पण इथे छापतेय कारण असं आणखी कुणाच्या घरी होईल. एकदम विजेसारखं आलेलं डोकं, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोबडं बोलणं, डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या, इथे उलटीची गोळी देऊन वाट बघायची नसते.

पत्र: रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला नोकरीला जाते. कसारा घाटात गाडी वळली की मळमळ आणि तिथून मायग्रेन. डोमस्टाल घेऊन बघितली, काही होत नाही. पर्समध्ये काय ठेवू?

मायग्रेनवाल्यांना गाडी लागण्याचा त्रास जास्त असतोच, लहानपणी वणी-सप्तशृंगीच्या घाटात खिडकीशी बसणारी मुलं आपल्यातलीच. पण गाडी लागण्याची मळमळ कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेतून येते, तिथे डोमपेरिडोन काही करत नाही, ऑनडान्सेट्रॉनही नाही. तिथे अवोमिनसारखी प्रोमेथाझिनची किंवा सिनारिझिनची गोळी प्रवासाच्या साधारण एक-दोन तास आधी लागते, झोप येते त्याने, म्हणून रोज घेणं मला पटत नाही, मीटिंग वगैरे असेल त्या दिवशी ठीक, आणि ती घेऊन नाशिकरोड स्टेशनवरून गाडी चालवत घरी येऊ नका. रोजसाठी आधी जागा बदलून बघा, गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूला तोंड करून, घाटात मोबाईल बंद, दूरवर बघत. उपाशी निघू नका, चार घास पोळीचे किंवा मूठभर लाह्या खाऊन निघा. आलं चघळून बरं वाटत असेल तर चघळा.

पर्समध्ये तुमच्या डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी आणि पेनकिलर, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, ओआरएसचं पाकीट. पाकिटावर बघा, मोठं असेल तर ते १ लिटर पाण्याचं असतं, एका ग्लासात सगळं ओतून कडक करून पिणारे मला रोज भेटतात आणि त्याने उलटी वाढते. एकेक चमचा, दोन-दोन मिनिटांनी, गटागटा नाही. आणि आमच्याकडून सुट्या चार गोळ्या घेताना स्ट्रिप कापून देतो ना, तेव्हा नाव आणि एक्स्पायरी ज्या बाजूला छापलीय ती बाजू मागून घ्या, नाहीतर वर्षभराने पर्सच्या तळाशी चार पांढऱ्या गोळ्या सापडतात आणि उलटीची कुठली, दुखण्याची कुठली, हे घाटात अंधारी आलेली असताना कळत नाही.